संगीत स्ट्रीमिंग व स्वतंत्र कलावंत
ध्वनिमुद्रित संगीताची प्रत विकत न घेता, इंटरनेटवरील मध्यवर्ती संग्रहातून ते हव्या त्या क्षणी ऐकण्याच्या पद्धतीस स्ट्रीमिंग म्हणतात. या पद्धतीत गाणे श्रोत्याच्या मालकीचे होत नाही. मासिक वर्गणी भरून किंवा मध्ये येणाऱ्या जाहिराती ऐकून तो केवळ ऐकण्याचा परवाना मिळवितो. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीशी करारबद्ध नसलेला आणि आपल्या ध्वनिमुद्रणाची मालकी स्वतःकडे राखणारा गायक, वादक, रचनाकार वा वाद्यवृंद म्हणजे स्वतंत्र कलावंत. अशा कलावंताला जगभरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग स्ट्रीमिंगने खुला केला. तथापि श्रोत्याने भरलेली वर्गणी त्याने ऐकलेल्या कलावंताकडेच जाते असे नाही. कलावंत व रसिक यांच्यातील अंतर तांत्रिक दृष्ट्या मिटले, पण आर्थिक दृष्ट्या ते कायम राहिले. या विषयावर चाललेल्या वादाचे मूळ या विसंगतीत आहे.

पार्श्वभूमी : विसाव्या शतकात संगीतव्यवसाय वस्तूच्या विक्रीवर उभा होता. प्रथम तबकडी, पुढे कॅसेट आणि नंतर सीडी अशी वस्तू बदलत गेली; परंतु तिची छपाई, साठवण, दुकानांपर्यंतची वाहतूक आणि आकाशवाणीवरील प्रसिद्धी यांस भांडवल लागे व ते मोठ्या कंपन्यांकडेच असे. स्वतंत्र कलावंताची मुख्य अडचण ध्वनिमुद्रणापेक्षाही वितरणाची होती. जाहीर कार्यक्रमाच्या जागी मोजक्या प्रती विकणे, एवढाच मार्ग बहुतेकांना उपलब्ध असे.

ध्वनीची संगणकीय नोंद अल्प जागेत मावेल अशा रीतीने आकुंचित करणारी एमपी-३ ही पद्धत १९९० नंतरच्या दशकात प्रचारात आली. १९९९ साली शॉन फॅनिंग या अमेरिकन तरुणाने सुरू केलेल्या नॅपस्टर या सेवेमुळे लोक एकमेकांच्या संगणकांतील गाणी विनामूल्य उतरवून घेऊ लागले. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतल्यावर २००१ मध्ये ती बंद पडली. तथापि गाण्यासाठी पैसे मोजण्याची सवय तोवर सैल झाली होती. ॲपल कंपनीने २००३ साली एकेक गाणे ९९ सेंटला विकण्यास प्रारंभ केला. स्वीडनमध्ये डॅनियल एक व मार्टिन लोरेंटझोन यांनी २००६ साली स्पॉटिफाय ही कंपनी स्थापिली आणि २००८ मध्ये तिची सेवा यूरोपात सुरू झाली. चोरून उतरविण्यापेक्षा सोपी व जवळजवळ फुकट अशी सेवा दिली, तर लोक कायदेशीर मार्गाकडे वळतील, असा तिच्यामागील विचार होता व तो बऱ्याच अंशी खरा ठरला. १९९९ नंतर सुमारे पंधरा वर्षे घसरत गेलेले ध्वनिमुद्रणाचे जागतिक उत्पन्न पुन्हा वाढू लागले. ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अहवालानुसार २०२४ मध्ये ते २,९६० कोटी डॉलर होते व त्यातील सु. ६९ टक्के स्ट्रीमिंगपासून मिळाले.

वाटणीची पद्धत : स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक वेळी गाणे वाजले की ठरावीक पैसे मिळतात, हा समज प्रचलित असला, तरी तो बरोबर नाही. बहुतेक सेवांत असा दर ठरलेला नसतो. एका देशातून एका महिन्यात गोळा झालेल्या वर्गणीतून व जाहिरातींच्या उत्पन्नातून सु. दोन-तृतीयांश रक्कम हक्कधारकांसाठी वेगळी काढतात. त्या सामाईक निधीची वाटणी, एकूण ऐकल्या गेलेल्या गाण्यांत ज्या त्या हक्कधारकाच्या गाण्यांचे प्रमाण किती, यावरून होते. हीच प्रमाणशीर वाटणी होय. सामान्यतः गाणे निदान ३० सेकंद वाजले, तर ते एकदा ऐकले असे धरतात.

या पद्धतीचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या सेवेचे दोनच वर्गणीदार आहेत व प्रत्येकाच्या वर्गणीतून ६० रु. वाटणीसाठी निघतात असे मानू. पहिला वर्गणीदार महिन्यात दहाच वेळा गाणी ऐकतो आणि ती सर्व एका स्वतंत्र गायिकेची असतात. दुसऱ्याच्या दुकानात दिवसभर गाणी चालू असतात. तो एका लोकप्रिय गायकाची गाणी ५९० वेळा वाजवितो. एकूण निधी १२० रु. व एकूण वादने ६००; म्हणजे प्रत्येक वादनामागे २० पैसे. त्यानुसार गायिकेला २ रु. आणि लोकप्रिय गायकाला ११८ रु. मिळतात. पहिल्या वर्गणीदाराने त्या गायकाचे एकही गाणे ऐकलेले नसते, तरीही त्याच्या ६० रुपयांपैकी ५८ रु. त्या गायकाकडे जातात. प्रत्येकाची वर्गणी त्याने ऐकलेल्या कलावंतांतच वाटली असती, तर दोघांनाही प्रत्येकी ६० रु. मिळाले असते. या दुसऱ्या पद्धतीस श्रोताकेंद्री वाटणी म्हणतात.

कलावंताच्या हाती पडणारी रक्कम आणखी काही गोष्टींवर अवलंबून असते. प्रत्येक गाण्यात दोन स्वतंत्र हक्क असतात : शब्द व चाल यांच्या रचनेचा एक आणि त्या रचनेच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा दुसरा. वाटणीतील मोठा भाग ध्वनिमुद्रणाच्या हक्काकडे जातो. कंपनीशी करारबद्ध असलेल्या गायकास त्या भागातील करारानुसार ठरलेला अंशच मिळतो, तोही पुष्कळदा आधी दिलेली उचल वळती करून घेतल्यावर. स्वतंत्र कलावंत हा स्वतःच हक्कधारक असल्याने वितरकाचे शुल्क वजा जाता सर्व रक्कम त्याची असते. मिळकतीचा मोठा हिस्सा त्याच्याकडे येतो. मूळ मिळकत मात्र बहुधा फार लहान असते. देशानुसारही तफावत पडते. २०१९ साली स्पॉटिफायची सेवा भारतात आली, तेव्हा तिची मासिक वर्गणी ११९ रु. होती, अमेरिकेत ती ९.९९ डॉलर होती. साहजिकच एकाच गाण्याच्या भारतातील व अमेरिकेतील वादनास सारखे मूल्य मिळत नाही.

स्वतंत्र कलावंतांना झालेले लाभ : पहिला व निर्विवाद लाभ वितरणाचा. अमेरिकेतील सीडी बेबी (१९९८), ट्यूनकोर व डिस्ट्रोकिड (२०१३) यांसारख्या वितरक संस्था अल्प शुल्क किंवा उत्पन्नातील टक्केवारी घेऊन कोणाचेही ध्वनिमुद्रण सर्व प्रमुख सेवांवर पोहोचवितात. त्यामुळे खेड्यातील एखाद्या खोलीत ध्वनिमुद्रित केलेले गाणे प्रथितयश गायकाच्या गाण्याशेजारी त्याच दिवशी उपलब्ध होऊ शकते. दुसरा लाभ माहितीचा. आपले गाणे कोणत्या शहरात किती जण ऐकतात, हे कलावंतास कळते व त्यावरून कार्यक्रमांचे दौरे आखता येतात. तिसरा लाभ असा की, जुने ध्वनिमुद्रण दुकानातून नाहीसे होत नाही. प्रकाशनानंतर अनेक वर्षांनीही त्यास नवा श्रोता मिळू शकतो. वाटाघाटींसाठी स्वतंत्र कंपन्या एकत्रही आल्या. त्यांच्या वतीने सेवांशी सामुदायिक करार करणारी मर्लिन ही संस्था २००८ पासून कार्य करीत आहे.

अडचणी : द्वार सर्वांना खुले झाल्याने आत गर्दी झाली. मोठ्या सेवांवरील गाण्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली आहे. नव्या कलावंताची स्पर्धा केवळ समकालीनांशी नसून ध्वनिमुद्रणाच्या सबंध इतिहासाशी असते. अशा स्थितीत कोणते गाणे कोणापुढे मांडावयाचे, हे सेवेने तयार केलेल्या गीतमालिका, म्हणजेच प्लेलिस्ट, आणि श्रोत्याच्या सवयींवरून शिफारस करणारी संगणकीय व्यवस्था ठरवितात. पूर्वी आकाशवाणी व दुकानदार यांच्याकडे असलेली निवडीची सत्ता नाहीशी झाली नाही, ती सेवेकडे आली. स्पॉटिफायने २०२० मध्ये जाहीर केलेल्या एका योजनेनुसार, कमी स्वामित्वशुल्क घेण्यास तयार असलेल्या हक्कधारकाच्या गाण्यास शिफारशीत अधिक वाव मिळू लागला. ही सवलतीच्या दराने केलेली प्रसिद्धी आहे, असे तिचे समर्थक म्हणतात. सर्वांनीच ती स्वीकारली तर सर्वांचेच उत्पन्न घटेल व कोणीच पुढे येणार नाही, असा टीकाकारांचा आक्षेप आहे.

उत्पन्नातील फरकाचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील गॅलॅक्सी ५०० या वाद्यवृंदाचे सदस्य डेमन क्रुकोव्स्की यांनी २०१२ साली आपला हिशेब प्रकाशित केला. ‘टगबोट’ हे त्यांचे गीत एका तिमाहीत स्पॉटिफायवर ५,९६० वेळा वाजले व रचनेच्या हक्कापोटी तिघा रचनाकारांना मिळून १.०५ डॉलर मिळाले. १९८८ मध्ये त्यांनी या गीताच्या एक हजार तबकड्या काढल्या होत्या. तेवढ्या तबकड्यांच्या विक्रीइतके उत्पन्न मिळण्यास त्या वेळच्या दराने १.३ कोटींहून अधिक वादने लागतील, असे त्यांनी दाखवून दिले. एक हजार निष्ठावंत ग्राहक ही स्वतंत्र कलावंतास मिळविता येण्याजोगी गोष्ट आहे. कोटी वादने ही बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे. वस्तूच्या विक्रीत थोड्या रसिकांच्या उत्कट आवडीला जे मोल होते, ते वादनांच्या संख्येवर आधारलेल्या हिशेबात उरत नाही.

हिशेबाच्या रीतीचा परिणाम संगीताच्या घाटावरही होतो. तीस सेकंदांनंतर दोन मिनिटांचे गीत व चाळीस मिनिटांचा ख्याल यांची नोंद सारखीच, एकेक वादन अशी होते. यामुळे आटोपशीर, प्रारंभीच लक्ष वेधून घेणाऱ्या गीतांस अनुकूलता लाभते. रागाचा सावकाश विस्तार करणाऱ्या संगीतास ती लाभत नाही. हिंदुस्थानी संगीताला असा अनुभव पूर्वीही आला आहे. १९०२ साली कलकत्ता येथे गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले, त्या काळापासून पुढे कित्येक दशके तबकडीच्या एका बाजूस सु. तीन मिनिटांचेच संगीत मावत असे व गायकांना राग तेवढ्यात मांडावा लागे. ती मर्यादा यंत्राची होती आणि एलपी तबकडी आल्यावर ती सुटली. नव्या व्यवस्थेत जागेची मर्यादा उरलेली नाही; मर्यादा आहे ती हिशेबाची. अभिजात संगीतासाठी बर्लिन येथे २०१५ साली सुरू झालेल्या इडाजिओ या सेवेने ऐकलेल्या सेकंदांवरून वाटणी करण्याची रीत अवलंबिली, यावरून दुसरा मार्ग शक्य आहे हे दिसते.

रसिकांवरील परिणाम : एका तबकडीच्या किमतीत महिनाभर सारा संग्रह ऐकावयास मिळणे, ही रसिकाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. गावात दुकान नसलेल्या किंवा परदेशी राहणाऱ्या मराठी श्रोत्यास नाट्यपद व अभंग तितक्याच सहजतेने मिळतात. अपरिचित प्रकारच्या संगीताशी ओळख होण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे.

याची दुसरी बाजूही आहे. ऐकण्याचा परवाना सेवा चालू असेपर्यंतच टिकतो. भारतात रेसो व विंक या सेवा २०२४ साली बंद झाल्या, तेव्हा श्रोत्यांना आपले संग्रह नव्याने जुळवावे लागले. तबकडीच्या वेष्टनावर साथीदार, ध्वनिमुद्रक व रागताल यांची माहिती असे. सेवांवर ती पुष्कळदा अपुरी असते व साथसंगत करणाऱ्या वादकाचे नावही सापडत नाही. काम करताना, व्यायाम करताना किंवा झोपताना पार्श्वभूमीस लावण्याच्या गीतमालिकांमुळे कोण गात आहे याची चौकशी न करता ऐकण्याची सवय वाढते. शिवाय आपण वर्गणी भरली म्हणजे आवडत्या कलावंतास आधार दिला, असे रसिकास प्रामाणिकपणे वाटते. वरील उदाहरणाप्रमाणे वस्तुस्थिती वेगळी असते. कलावंतासही आपले श्रोते आकड्यांच्या रूपातच दिसतात. त्यांची नावे वा पत्ते सेवेकडेच राहतात, त्यामुळे कार्यक्रमाची वार्ता त्यांना परस्पर कळविता येत नाही.

सुधारणेचे प्रयत्न : २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे जाहीर कार्यक्रम थांबले आणि ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नावर किती कलावंत जगू शकतात, हा प्रश्न उघडा पडला. ब्रिटिश संसदेच्या संबंधित समितीने चौकशी करून जुलै २०२१ मध्ये अहवाल सादर केला व वाटणीच्या व्यवस्थेची पूर्ण फेरमांडणी आवश्यक असल्याचे मत दिले. साउंडक्लाउड या सेवेने त्याच वर्षी काही स्वतंत्र कलावंतांपुरती श्रोताकेंद्री वाटणी सुरू केली. डीझर या फ्रेंच सेवेने २०२३ मध्ये युनिव्हर्सल कंपनीच्या सहकार्याने निराळा मार्ग पत्करला : महिन्यात निदान ५०० श्रोत्यांकडून १,००० वादने मिळविणाऱ्या कलावंताच्या गाण्यास दुप्पट भार आणि श्रोत्याने स्वतः शोधून ऐकलेल्या गाण्यास आणखी दुप्पट भार देण्यात आला. स्पॉटिफायने २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्यांचे ध्वनिमुद्रणशुल्क देणे बंद केले. अशा गाण्यांची रक्कम इतकी क्षुल्लक असते की ती वितरकाकडेच पडून राहते, असे कंपनीने कारण दिले. तथापि या नियमाने सर्वांत लहान कलावंतांचा वाटा इतरांकडे वळविला, ही टीकाही तितकीच खरी आहे.

श्रोताकेंद्री वाटणी हा सर्व अडचणींवर उपाय नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत केंद्राने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या पद्धतीने अत्यंत लोकप्रिय कलावंतांचे उत्पन्न घटेल व अभिजात संगीत, जाझ यांसारख्या प्रकारांना लाभ होईल; परंतु फारच थोडे श्रोते असलेल्या कलावंताच्या वार्षिक उत्पन्नात काही युरोंचीच भर पडेल. वाटणी न्याय्य झाली, तरी थोड्या श्रोत्यांची वर्गणी थोडीच राहते.

म्हणून अनेक स्वतंत्र कलावंत स्ट्रीमिंगकडे उत्पन्नाचे साधन म्हणून न पाहता परिचयाचे साधन म्हणून पाहतात आणि उत्पन्नासाठी रसिकांशी थेट व्यवहार करतात. २००८ साली सुरू झालेल्या बँडकॅम्प या विक्रीस्थळावर कलावंत स्वतः किंमत ठरवितो, ग्राहक हवे तर अधिक देऊ शकतो व संगणकीय विक्रीतून संस्था सामान्यतः १५ टक्के घेते. २० मार्च २०२० रोजी व त्यानंतरच्या काही ठरावीक शुक्रवारी तिने हा वाटाही सोडला. २०२२ व २०२३ मध्ये या संस्थेची मालकी दोनदा बदलली, यावरून असे आश्रयही कायमचे नसतात हे लक्षात येते. पेट्रिऑन (२०१३) या सेवेद्वारे चाहते कलावंतास नियमित मासिक साहाय्य देतात. राजाश्रय व संस्थानिकांचा आश्रय संपल्यावर संगीत मंडळे व सभासदांच्या वर्गणीने जो आधार दिला, त्याचेच हे वैयक्तिक रूप म्हणता येईल.

कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेल्या गाण्यांमुळे प्रश्न अधिक बिकट झाला आहे. आपल्याकडे रोज येणाऱ्या नव्या गाण्यांपैकी सु. १८ टक्के पूर्णतः यंत्रनिर्मित असल्याचे डीझरने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. निधी सामाईक असल्याने अशा प्रत्येक गाण्याची वा बनावट वादनांची रक्कम अखेर खऱ्या कलावंतांच्या वाट्यातूनच जाते.

भारतातील स्थिती : भारतात लोकप्रिय संगीत दीर्घकाळ चित्रपटाशी निगडित राहिले व गीतांचे हक्क बहुधा निर्माता किंवा ध्वनिमुद्रण कंपनी यांच्याकडे गेले. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा, चित्रपटगृहाबाहेरील वापराबद्दलच्या स्वामित्वशुल्कातील वाटा संरक्षित केला. तो करारानेही कंपनीस सोडून देता येत नाही. रचनाकारांच्या वतीने हे शुल्क गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ साली स्थापन झालेली आहे. स्वतः गीत रचून गाणाऱ्या कलावंताने तिचे सभासदत्व घेतले नाही, तर ध्वनिमुद्रणाचे पैसे वितरकामार्फत येतात, पण रचनेचे येत नाहीत. प्रसारणासाठी कायद्याने ठरवून दिलेला परवाना इंटरनेटवरील स्ट्रीमिंगला लागू होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स कंपनीच्या दाव्यात दिला व २०२२ मध्ये तो खंडपीठाने कायम केला. परिणामी दर वाटाघाटीने ठरतात आणि मोठा संग्रह असलेल्या कंपनीचे पारडे जड राहते.

वर्गणी न भरता जाहिरातींसह ऐकणाऱ्यांचे प्रमाण भारतात मोठे असल्याने प्रत्येक वादनाचे मूल्य कमी पडते. श्रोत्यांची संख्या मात्र विपुल आहे. चित्रपटाचा आधार न घेता कलावंत पुढे येण्याची उदाहरणे यामुळेच वाढली. मुंबईतील कुर्ला भागातील नेझी हा रॅपगायक २०१४ साली ‘आफत’ या गीताच्या यूट्यूबवरील चित्रफितीने प्रकाशात आला. प्रतीक कुहाड यांचे ‘कोल्ड/मेस’ हे इंग्रजी गीत बराक ओबामा यांनी २०१९ मधील आपल्या आवडत्या गीतांच्या यादीत घेतले व पुढील वर्षी कुहाड यांनी इलेक्ट्रा या अमेरिकन कंपनीशी करार केला. संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ (२०२४) हे चित्रपटबाह्य मराठी गीत महाराष्ट्राबाहेरही मोठ्या प्रमाणावर ऐकले गेले. अशा यशाची वाट आता केवळ चित्रपटातून जात नाही, हे खरे. मात्र त्यामागे राहिलेल्या असंख्य कलावंतांची उपजीविका अद्यापि कार्यक्रम, शिकवण्या व अन्य नोकरी यांवरच चालते. श्रोत्याच्या निवडीचे प्रतिबिंब त्याच्या पैशाच्या वाटणीत पडेल अशी व्यवस्था येईपर्यंत, कार्यक्रमाचे तिकीट काढणे व ध्वनिमुद्रण कलावंताकडून थेट विकत घेणे, हेच रसिकाच्या हाती असलेले सर्वांत खात्रीचे साहाय्य होय.